मात्रोनाआत्याचा चेहरा

आमचे नाउमाकाका सगळ्यालाच भ्यायचे. विंचवाला, बायकोला, चुना लवकर सुकेल याला. चाळीस वर्षं त्यांनी चर्चच्या जमिनींत रंगीत खडे बसवून चित्रं काढली, पण वाक्य एकही धड पुरं केलं नाही. "म्हणजे, तसं नाही, पण..." एवढं म्हणून थांबायचे.

मग वरून फर्मान आलं, चर्चमध्ये सजीवाचं चित्र नको. वरून म्हणजे कुठून, ते कोणालाच सांगता येईना. पाद्रीबाबा नाकातून म्हणाले, "नाउमाऽ, उद्या रविवार. त्याआधी सगळं निघायला हवं. नाहीतर चर्चला कुलूप, आणि कोणामुळे ते मी गावाला सांगेन होऽ!"

देवाची जमीन फोडायची नाही, ही आमच्याकडची रीत. एकेक खडा उचलायचा, ओला चुना भरायचा आणि तेच खडे तिथंच विसकटून लावायचे. दुपारपर्यंत ससा, तितर, द्राक्षं वाहणारं गाढव, सगळ्यांचा नुसता रंगीत काला झाला. राहिली मात्रोनाआत्या. ही खड्यांची जमीन तिच्याच पैशांतून झालेली, म्हणून तिचा चेहरा मधोमध. आणि त्याच चेहऱ्यावर ती जिवंत, मांडी ठोकून बसलेली.

"ऊठ ना आत्या."

"आणि मेले म्हणजे? खालच्या गावात झोंगोनचा चेहरा उचलला, आठवड्यात गेला तो."

"तो नव्वदचा होता, म्हणजे..."

"मी एक्क्याण्णवची आहे, गाढवा!"

"गाढव काढलं," काका चाचरले.

पण चर्चला कुलूप लागलं, तर आत असलेल्या तिच्या नवऱ्याच्या थडग्यावर दिवा कोण लावणार? आत्या उठली. बाजूला बसून तिनं स्वतःची नाडी धरली. काकांनी हनुवटी उचलली, ओठ उचलले, डोळे उचलले. चुना भरला. खडे लावू लागले, तशी आत्या किंचाळली. नाक पुन्हा जागेवर! हातांनी सवयीनं काळ्याशेजारी काळा लावला होता, भुवईसुद्धा वळायला लागली होती. काकांनी पुन्हा उचललं, पुन्हा लावलं. आता ओठ आले. चुना घट्ट होत चालला. अंगणातून हाक आली, "नाउमाऽ, झालं काऽ?"

काकांनी खडे तिच्यापुढे सरकवले. "आत्या, माझ्या हातांना विसकटता येत नाही गं. तू लाव."

"मी? माझं तोंड मीच?"

"तुला येत नाही, म्हणून."

तिनं बुबुळाचा खडा चिमटीत धरला, डोळे गच्च मिटले आणि हनुवटीपाशी खुपसला. मग एक डोळा उघडून नाडी चाचपली. "आहे अजून." दुसरा खडा घेतला.

पाद्रीबाबा दारात आले, तेव्हा कपाळाचे सातच खडे राहिले होते. दोघांपैकी कोणी वर पाहिलं नाही.

आत्या त्यानंतर दोन वर्षं जगली. काका रोज सकाळी तिच्या दाराशी जाऊन खोकायचे आणि आतून उलट खोकला येईपर्यंत हलायचे नाहीत.