एक घर, एक उत्तर

त्या रविवारच्या कोड्याचं रेकॉर्डिंग काढून का टाकलं, असं तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलंत. ते काढून टाकलेलं नाही. पण तुम्हाला दाखवणार नाही. काय झालं ते लिहून कळवते.

कोड्याची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. मी पटावर डाव मांडायचा, वरून फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा, लोकांनी उत्तर पाठवायचं आणि रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर निकाल. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे नियम आधी. पहिला नियम, एक घर, एक उत्तर. घरातल्यांनी एकत्र बसून डोकं लढवावं म्हणून तो केला होता.

शेवटच्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होते ते आपल्या खालच्या ब्लॉकमधले बापलेक. बाप गिरणीच्या कॅरम टीममधला जुना खेळाडू. मी त्यांना भाऊ म्हणते. बायको वारलेली. मुलगा चाळिशीचा, मरोळला नोकरी करणारा, लग्न न केलेला. भाऊंना बाकी कशात रस उरला नव्हता. जिन्यात भेटले की म्हणायचे, "वहिनी, यंदा नंबर आमचाच."

शेवटचं कोडं कॅरमचं होतं. पांढऱ्याची एक सोंगटी आणि राणी शिल्लक. एका फटक्यात डाव संपेल का? राणी घेतली की आपली सोंगटी घेऊन तिला कव्हर द्यावं लागतं. दोन्ही एकदम गेल्या तर कव्हर धरायचं की नाही, यावरून घराघरात वाद असतात. मी स्पर्धेच्या नियमावलीप्रमाणे गेले. एकदम गेल्या तरी कव्हर धरायचं. उत्तर होतं, होय.

निकाल सांगितला तसे भाऊ खुर्चीत ताठ झाले.

"वहिनी, परत बघा. आम्ही होय पाठवलंय."

"भाऊ, तुमच्या घरून नाही आलंय."

"काका, राणी पळाली!" कोणीतरी ओरडलं. पाचसहा जण हसले.

"मी बदललं," मुलगा शेजारून म्हणाला. "तुमचा चाळीतला नियम जगात कुठे चालत नाही, बाबा. मी रोज ॲपवर खेळतो."

"ॲप तुझो बापूस काय रे?"

आणि त्याच्या कानाखाली वाजली. तो आवाज मला दोनदा आला. आधी खालून खिडकीतून, मग क्षणभराने फोनमधून.

मुलगा हसला. ते हसणं भाऊंना झोंबलं. हातातला स्ट्रायकर त्यांनी जवळून मारला, भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं. मुलगा डोळा पुसत होता तोवर त्यांनी त्याचे केस धरले आणि डोकं कपाटावर आपटलं. पुन्हा आपटलं. कपाटाचं दार आत गेलं. इतकी माणसं आपापल्या चौकोनात बसून बघत होती. एक बाई तोंडावर हात धरून होती. एकाने आपला कॅमेरा बंद केला.

तुमचे आजोबा उठले तेव्हा मीही उठले.

खाली पोचलो तर दार उघडंच होतं. मुलाने बापाला भिंतीशी दाबलं होतं, दोन्ही हात गळ्यावर. भाऊंचा चेहरा काळवंडला होता. "सोड रे!" मी ओरडले. त्याने सोडलं, ते कॅरम बोर्ड उचलायला. भाऊ खाली बसले होते. बोर्ड डोक्यावर येताना पाहून त्यांनी उजवा हात वर केला. जाड लाकडी चौकट बोटांवर बसली. ओलं जळण मोडावं तसा आवाज झाला. पावडर उडून सगळी खोली पांढरी झाली. त्याने बोर्ड पुन्हा उचलला. या वेळी आजोबा मध्ये गेले. तेव्हापासून त्यांचा खांदा वर जात नाही. बाथरूममध्ये पडले म्हणून तुम्हाला सांगितलं होतं, ते खोटं होतं.

मग बोर्ड त्याच्या हातातून आपोआप गळून पडला.

बोरीवलीच्या हॉस्पिटलात भाऊंच्या हाताला प्लास्टर, मुलाच्या भुवईला टाके. मारामारी म्हटल्यावर हवालदार आला. मुलगा आत जाणार की नाही, नोकरी राहणार की जाणार, हे आता भाऊंच्या एका शब्दावर होतं.

"काका, कोणी मारलं?"

"ह्यानं," भाऊ म्हणाले. "लिवा."

"लिहा ना," मुलगा म्हणाला. आवाज अगदी खाली होता. "आणि पाचवीत मला पट्ट्यानं फोडून गॅलरीत कोंडलं होतं, तेही लिहा. माझ्या आईचा कान कसा गेला, तेही लिहा."

हवालदाराने पेन थांबवलं. त्याच्या आईशी मी कितीतरी वर्षं मोठ्याने बोलत आले होते. कानात पू झाला होता, असं तिने मला सांगितलं होतं.

भाऊ माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही सांगा ह्यांना. मी असो माणूस आसंय काय?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "भाऊ, वरच्या मजल्यावर सगळं ऐकू येतं."

त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं. बाहेर आलेली बोटांची टोकं वांग्यासारखी जांभळी झाली होती.

"बोर्ड पडलो हातार," ते हवालदाराला म्हणाले. "माझी तक्रार नाय."

"नक्की?"

"नाय म्हटलं ना!"

हवालदार गेल्यावर ते मुलाला म्हणाले, "चल घराक."

"मी येणार नाही, बाबा."

"मग जेवणार खंय?"

मुलाने औषधांची पिशवी माझ्या हातात दिली आणि कुठली गोळी कधी द्यायची ते नीट समजावलं. मग खाटेखाली वाकून बापाच्या चपला बाहेर ओढल्या, पायांशी सरळ लावून ठेवल्या आणि निघून गेला. भाऊंनी चपला घातल्या नाहीत. तो परत येतो का, ते बघत बसले. शेवटी आजोबांनीच त्या एका हाताने त्यांच्या पायात सरकवल्या.