श्रावणातली दाढी

श्रावणात आमच्या घरी पुरुष दाढी करत नाहीत. आजोबांनी केली नाही, वडिलांनी केली नाही, आणि मी आगीच्या बंबावर नोकरीला लागलो तरी आईने मला सूट दिली नाही. आता आमचं काम असं, की धुरात शिरताना तोंडावर मास्क बांधायचा आणि पाठीवर हवेचं सिलिंडर घ्यायचं. लोक त्याला ऑक्सिजन म्हणतात. साधी हवाच असते हो, फक्त दाबून भरलेली. मास्कची रबरी कड गालाला घट्ट चिकटायला हवी. मध्ये दाढीचे खुंट आले की फट राहते. हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. आमचे साहेब श्रावण लागला की हजेरीला प्रत्येकाची हनुवटी बघायचे. "दाढी काढ, नाहीतर गाडीवर चढू नकोस," म्हणायचे. पण त्या दिवशी पाळीत माणसंच कमी होती. मी नाही चढलो तर कोण चढणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी त्याचाच फायदा घेतला. दाढीवर व्हॅसलीन चोपडलं, मास्क लावून दाखवला आणि तपासणीच्या वेळी तळव्याने कड हळूच दाबून धरली. साहेबांनी मान डोलावली. फार हुशार वाटलं स्वतःला.

दुपारी वर्तकनगरला एका इमारतीत तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीला आग लागली. आग लवकर दबली, पण धूर जिन्यात कोंडला. खाली जमलेले रहिवासी ओरडत होते, "सातव्यावर आजी एकट्या आहेत! काठीशिवाय चालता येत नाही त्यांना!" गाडीवर आम्ही चौघं. एक पंपावर, एक पाण्याच्या पाइपवर, आणि वर जायला दादा आणि मी. दादा म्हणजे माझे सीनियर. सख्खे कोणी नव्हेत, पण धुरात चालायला मी त्यांच्याच मागे शिकलो. दुसऱ्या अग्निशमन केंद्राची गाडी माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती.

मला भीती वाटते, हे सांगूनच टाकतो. इतक्या वर्षांनंतरही वाटते. धुरात स्वतःचा हात दिसत नाही. भिंत चाचपत पायऱ्या मोजायच्या, आणि कानात फक्त आपलाच श्वास. त्या दिवशी पाचव्या मजल्यावर त्या श्वासात आणखी एक आवाज मिसळला. डाव्या जबड्यापाशी, कुकरची रिंग जुनी झाली की येतो तसा. मास्कच्या आत हवेचा दाब असतो, त्यामुळे फट असली तरी धूर लगेच आत शिरत नाही. आपली हवा मात्र बाहेर जात राहते. मला कळलं. तेव्हाच दादांचा खांदा दाबून थांबवायला हवं होतं. लाज वाटली म्हणून नाही थांबवलं.

सातव्या मजल्यावर दादांनी टोकाचं दार वाजवलं. आतून उत्तर आलं, काठीच्या ठोक्यांचं. अगदी खालून, जमिनीलगत. आजी दारापर्यंत येऊन कोसळल्या होत्या, कडीपर्यंत हात पोचत नसावा. बाहेरून लोखंडी सेफ्टी डोअर, तेही बंद. दादांनी पहार घातली. एक बिजागर सुटलं, आणि माझी शिट्टी वाजली. सिलिंडरमधली हवा संपत आली की ती आपोआप वाजते. त्यानंतर खाली उतरण्यापुरतीच हवा उरते. दादांच्या सिलिंडरचा काटा अजून निम्मी हवा दाखवत होता.

"तुम्ही थांबा, मी उतरतो," मी मास्कमधून ओरडलो.

"एकटा कोणी नाही. शिट्टी वाजली की दोघं. चल."

आमचा नियमच आहे तसा. आम्ही वळलो. मागे काठी वाजत होती, आधी सावकाश, मग भराभर. आजी काहीतरी म्हणतही होत्या, ते दारातून नीट कळलं नाही. सहाव्यापर्यंत ठोके ऐकू आले. पाचव्यावर ऐकू येईनात. आम्ही लांब आलो म्हणून, की वर ते थांबले म्हणून, ते मला समजेना. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

खाली नवी सिलिंडरं तयार होती. सिलिंडर बदलता आलं असतं, दाढी कुठे बदलणार? पाइपवाल्याचे गाल गुळगुळीत होते. दादांनी आपलं सिलिंडर बदललं, माझ्या पाठीवरचा सेट उतरवून, त्यातलंही बदलून, त्याच्या पाठीवर चढवला आणि दोघे जिन्यात नाहीसे झाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी त्याचा पाइप धरून उभा राहिलो. पाणी बंद होतं, तरी धरून. सातव्या मजल्याची खिडकी बघत होतो आणि मनात एकच चाललं होतं, वाजवत राहा आजी, वाजवत राहा.

त्यांना खाली आणलं तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. अँब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी माझी बाही धरली.

"मघाशी दार वाजवून गेलात, ते तुम्हीच का? मी आतून थांबा, थांबा म्हणत होते."

"आजी, आमची हवा संपली हो."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर थोपटलं. दादा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या हनुवटीकडे पाहिलं आणि ते गाडीकडे चालू लागले.

संध्याकाळी केंद्रातच दाढी केली. घरी आईने दार उघडलं आणि म्हणाली, "अरे, श्रावणात?" मी तिला सगळं सांगितलं, आजींना दिलेलं उत्तरसुद्धा. ती म्हणाली, "त्या बाईंना जाऊन खरं सांगून ये. माझ्या हट्टापायी झालं म्हण हवं तर."

आजी बऱ्या होऊन घरी परतल्या. त्यानंतर तीन श्रावण गेले. दाढी मी रोज करतो. साध्या कपड्यांत एकदा सातव्या मजल्यावर गेलेलोही. सेफ्टी डोअर नवं बसवलं होतं. आतून काठीचा आवाज येत होता, आजी घरात चालत होत्या. मी हात वर केला, काठी जवळ येताना ऐकली, आणि दार न वाजवताच जिना उतरलो.