हसून झालं की या

काका फोन तोंडासमोर आडवा धरत, भाजलेला पापड धरावा तसा, आणि पहिलं वाक्य नेहमी एकच असे : "हौ, ऐकूलालात का?" मग थोडं थांबत. आवाजी निरोपाला समोरून लगेच कुणी उत्तर देत नसतं, हे मी त्यांना समजावून पाहिलं. "मालूम हाय," ते म्हणाले, "पण विचारावं लागतं ना बेटा." तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, विचारल्याशिवाय बोलायला सुरुवात न करणारा.

कुकटपल्लीतल्या आमच्या इमारतीत मराठी घरं बरीच आहेत, बहुतेक पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेली. जुन्या हैदराबादचे आम्ही दोघेच : बेगम बाजारात भांड्यांचं दुकान चालवणारा मी आणि कारखान्यातून निवृत्त झालेले काका. त्यांची शाळा तेलुगू, गल्ली उर्दू, मराठी तेवढी आईच्या तोंडून आलेली. ती वाचता येत नसे, म्हणून इमारतीतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ते लिहीत नसत, बोलत. आणि त्यांनी तोंड उघडलं की ग्रुप हसत असे. वाईट हेतूने नाही, हे मी शपथेवर सांगेन. काका सगळ्यांना फार आवडत. जेवणानंतर विडा मागवावा तसं लोक त्यांना बोलायला लावत, आणि घोळ नेमका तिथेच होता.

माझीही बोली तीच. पण मी ती ओल्या छत्रीसारखी दाराबाहेर ठेवून मंडळात जातो. काकांना ते कधी जमलं नाही.

एकदा त्यांनी ग्रुपवर सांगितलं की लिफ्टमधली घंटी मरून पडलेली हाय, कुणाचं लेकरू अडकायच्या आधी बघा. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मंडळाचा सचिव, तसा गोड पोरगा, म्हणाला, काका, ते 'मरून पडलेली' परत एकदा म्हणा ना. काकांनी म्हटलं. घंटा तशीच राहिली.

गणपतीच्या तोंडावर ते मंडळासाठी खडीसाखर आणि खोबरं आणायला बेगम बाजारात गेले होते. काकू तेव्हा बीदरला बहिणीकडे होत्या. परत येऊन काका लिफ्टमध्ये शिरले आणि लाइट गेली. जनरेटरही सुरू झाला नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहिली. घंटा मेलेलीच होती, वॉचमनचा फोन लागेना. मधुमेहाचा माणूस, अजून जेवलेला नाही. त्यांनी ग्रुपवर निरोप टाकला : "हौ, ऐकूलालात का? लिफ्टात अटकलो ना मी. हवा नाही इथं. कुणीतरी या बा."

हसरे चेहरे आले. काकांनी सचिवाला फोन लावला. तो ऑफिसात डबा खात होता. त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि सोबतच्यांना म्हणाला, ऐका, ही आमची हैदराबादी मराठी. काकांनी पुन्हा सगळं सांगितलं. टेबल हसलं. मग त्याला मीटिंगचं बोलावणं आलं आणि त्याने अगदी प्रेमाने फोन ठेवला.

त्या दिवशी मी दुकान भावावर सोडून लवकर निघालो होतो. गाडी चालवताना फोन खिशात, त्यामुळे मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लाइट नाही म्हणून जिना चढत होतो, तर लिफ्टच्या दाराआडून ठकठक ऐकू आली. वॉचमनला शोधून अक्षरशः ओढत आणलं आणि दार उघडलं. काका कोपऱ्यात बसले होते, शर्ट घामाने चिंब, हातात घराची किल्ली, मांडीवर फाडलेली पिशवी. मला पाहून म्हणाले, "मंडळाची खडीसाखर खाल्लो रे. सांगून टाक त्यांना."

मला हसू आलं नाही. त्या मेलेल्या घंटेचा मला संताप आला होता.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला सचिवाच्या फोनची गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर पाठवलेला दुसरा निरोप ऐकवला. आवाज खोल गेलेला, पण ढंग तोच : "दम घुटूलाला माझा. तुम्ही हसून घ्या. हसून झालं की या."

अशा वेळी थट्टा कशाला केलीत, असं मी जरा चिडूनच विचारलं. काकांनी किल्ली खिशात टाकली.

"करायची नव्हती बेटा. पण ते हसले की माझं तोंड आपोआप तसंच चालतं. लिफ्टातून तू काढलास. ह्याच्यातून कसा निघू?"

मी त्यांचा ग्लास पुन्हा भरून दिला.

संध्याकाळी सचिव धावत आला, काकांच्या पाया पडला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. घंटा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाली. पण 'हसून झालं की या' हे ग्रुपला फार आवडून गेलं होतं. माफीचे दिवस सरले तसं ते ज्याच्या त्याच्या तोंडी आलं. वाढदिवसाला या, हळदीकुंकवाला या, हसून झालं की या. काकांच्या समोरच म्हणायचे, आणि काकाही हसायचे.

हळूहळू त्यांचे निरोप बंद झाले. पुढच्या उन्हाळ्यात जामबाग मोहल्ल्यात तळमजल्यावर जागा घेऊन काका-काकू निघून गेले. मी भेटायला गेलो तेव्हा काका शेजाऱ्याशी तेलुगूत मजेत गप्पा मारत होते. मला पाहून उठले आणि म्हणाले, "या, बसा. आपण चहा घेणार ना?" एकेक शब्द जपून, नव्या कवळीने जेवणाऱ्या माणसाच्या घासासारखा. माझ्याशी तरी असं नक्को काका, असं मी आमच्या बोलीत म्हणालो. ते नुसते हसले आणि चहाचं सांगायला आत गेले.

यंदा मंडळाने गणपतीचं निमंत्रण आवाजात पाठवलं आहे. आधी सनई, मग काका : "हसून झालं की या." सचिवाने हौसेने कुणाकडून तरी तो तुकडा स्वच्छ करून घेतलाय, मागची खरखर, ठकठक काढून. काकांना विचारलंस का, असं मी म्हटलं, तर म्हणाला, त्यांना आवडेलच की.

मूळ निरोप माझ्या फोनवर आहे. त्यात ते वाक्य संपल्यावर काका नेहमीसारखे उत्तरासाठी थांबतात. मग किल्ली लोखंडावर वाजते. पुन्हा थांबतात. पुन्हा वाजते.