निळा भोंगा

मी पदवीपर्यंत पोचलो तो केम गावच्या माने सरांमुळे. जुन्या ग्रामोफोनची पारखही त्यांचीच देणगी. त्यांचा ग्रामोफोन स्प्रिंग बसवायला सोलापुरात दिला होता. आणायला गेलो, तर कारागीर गालात सुपारी धरून भोंगा पॉलिश कागदाने घासत होता. मूळ निळा रंग, त्यावरची फुलं, सगळ्याचा भुगा त्याच्या मांडीवर पडला होता.

“अहो, थांबा! त्या रंगावरूनच भोंगा अस्सल ठरतो!”

“आता सोनेरी मारतो की, फुकट! जुनं जुनंच दिसाय लागलं, तर आमी कशाला बसलोय हितं?”

भोंग्यावर हळुवार फुंकर मारून तो शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिला. मी भोंगा हिसकावून घेतला.

सरांना लिहिलं, “स्प्रिंग उत्तम बसली. रंग मात्र गेला, आता संग्राहक निम्मीही किंमत देणार नाही. तुम्ही त्याच्यावर रागावणार नाही, ठाऊक आहे. म्हणून तुमच्या वाटचंही मीच ओरडून आलो.”