दोर गेल्यानंतर

अमेरिकेत ॲन आर्बरजवळच्या एका लहानशा टेकडीवर आम्ही दर हिवाळ्यात स्कीइंगला जातो. लोकांना वर ओढून नेणाऱ्या दोरापाशी तिथे एक म्हातारा उभा असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तो प्रत्येकाचे हातमोजे बघायचा, दोरात अडकू नये म्हणून मफलर जॅकेटच्या आत खोचायला लावायचा आणि म्हणायचा, "एकदम पकडू नका. दोर हातातून सरकू द्या, मग सावकाश मूठ आवळा." पुण्यात धावती बस पकडायचो, त्याच सवयीने मी पहिल्या दिवशी दोरावर झडप घातली आणि तोंडावर आपटलो. तो हसला नाही. तेच वाक्य, त्याच सुरात, त्याने पुन्हा ऐकवलं.

मग दोर काढून सरकता पट्टा बसवला. त्यावर नुसतं उभं राहायचं. म्हाताऱ्याकडे पट्टा थांबवायचं एक लाल बटण उरलं, तरी तो हातमोजे बघतच राहिला. एकदा माझ्या मुलीचा मफलर लोंबताना दिसला, तर त्याने अख्खा पट्टा थांबवला.

"बट देअर इज नो रोप!" मुलगी म्हणाली.

"ठाऊक आहे," म्हणत त्याने गुडघे टेकून मफलर आत खोचला. मागची रांग कुरकुरली, आणि मी रांगेला सॉरी म्हणालो. ते अजून टोचतं.

यंदा तो नाही. बटण दूर काचेच्या खोलीत गेलंय, पट्ट्यापाशी कोणी उभं नसतं. मुलीने पट्ट्यापाशी मफलर आपणहून खोचला, दोन्ही हातमोजे पुढे धरले आणि कोणीतरी बघावं म्हणून थांबली. मागून कुरकुर सुरू झाली.

या वेळी मी सॉरी म्हणालो नाही.