नमद्याला घुमारा नसतो

झूरा एजे किर्गिझस्तानात, बिश्केकच्या स्टुडिओत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक तिचे दुखरे गुडघे आणि दुसरं तिचं 'नको'. कोणी काही विचारायच्या आत ती 'नको' म्हणून मोकळी व्हायची आणि मग मुकाट्याने तेच करून द्यायची. चित्रपटाचे सगळे आवाज एकत्र बांधायचं काम ती सदतीस वर्षं करत होती. बोलणं, पावलं, वारा, घोड्यांच्या टापा, संगीत, सगळं सुटंसुटं तिच्या टेबलावर यायचं आणि एक होऊन बाहेर पडायचं. वय साठीला टेकलं होतं. स्टुडिओतली तरणी मंडळी तिला एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणत आणि हक्काने राबवून घेत.

अलीकडे तिला घुमाऱ्याचा भारी वैताग आला होता. ज्याला त्याला घुमारा हवा! मधली दहा-बारा वर्षं चित्रपट निघेनासे झाले, तेव्हा तिने लग्नांच्या व्हिडिओंवर पोट भरलं होतं. तिथे तर सूत्रधाराने नवरदेवाच्या काकाला नुसती हाक मारली, तरी ती डोंगरावरून आल्यासारखी घुमली पाहिजे. नाहीतर यजमान म्हणणार, आमच्याच लग्नात हात आखडता घेतला.

"अहो, काका समोर तीन हातांवर बसलाय, मटण खातोय," ती म्हणायची. "त्याला दरीतून कशाला हाका मारता?"

लोक हसायचे, आणि घुमारा घालून घ्यायचेच.

तिला हे काम शिकवलं लेव्ह ओसिपोविच नावाच्या म्हाताऱ्याने. तेव्हा घुमारा यंत्राच्या बटणात मिळत नसे. स्टुडिओच्या तळघरात खालपासून वरपर्यंत टाइल्स लावलेली एक रिकामी खोली होती. एका टोकाला कर्णा, दुसऱ्या टोकाला माइक. वरून कोरडा आवाज खाली सोडायचा, तो भिंतींवर आपटून घुमला की पुन्हा वर घ्यायचा. कर्णा पुढेमागे सरकवायला झूरा दिवसातून दहा वेळा ते जिने चढायची-उतरायची. आजचे गुडघे ही त्याचीच कमाई.

एकदा कॅन्टीनवाल्यांनी, खोली रिकामीच पडलीय म्हणून, तिथे कोबीची पोती रचली. वर खानाच्या दरबारातला आवाज एकदम मेल्यासारखा यायला लागला. अर्धा दिवस सगळे तारा तपासत बसले. शेवटी लेव्ह ओसिपोविच खाली गेला आणि एक गड्डा काखेत मारून वर आला.

"हा घ्या तुमचा खान," तो म्हणाला. "मऊ वस्तू आवाज खाते, एवढं तरी लक्षात ठेवा रे गाढवांनो."

त्याच दुपारी त्याने झूराला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, घुमारा म्हणजे दागिना नव्हे. घुमारा म्हणजे अंतर. जितका जास्त घालशील तितकं माणूस लांब जाईल. किती घालू, असं कधी विचारू नकोस. बोलणारा कुणाशी बोलतोय आणि ते माणूस किती लांब आहे, एवढंच विचार."

वीस वर्षं तिने हे मनापासून पाळलं. मग थकली. वाद घालायला अंगात त्राण लागतं, आणि तिचं त्राण जिन्यांवर आणि लग्नांत संपलं होतं. शिवाय एक गोष्ट ती कुणाजवळ काढत नसे. तिची आई गेली तेव्हा ती अशाच एका चित्रपटाच्या आवाजांवर बसली होती. बऱ्याच दिवसांनी मिळालेलं काम होतं, ते सोडवेना, आणि निरोपही उशिरा मिळाला. ती गावी पोचली चौथ्या दिवशी. आई मातीआड गेली होती आणि पुरुष अंगणातला नमद्याचा, लोकर कुटून केलेल्या जाड कापडाचा, तंबू उतरवत होते. "आली शहराची बाई," मावशी म्हणाली. त्या तंबूत भिंतीकडे तोंड करून बसायचं, गेलेल्या माणसाशी गाऊन बोलायचं, रडायचं, हा लेकीचा हक्क. तो विलाप, तो कोशोक, तिचा म्हणायचाच राहिला. त्याला आता सोळा वर्षं झाली होती.

तर अशा या झूरा एजेकडे बेकतुर नावाच्या तिशीतल्या दिग्दर्शकाचा चित्रपट आला. पोरगा मनाचा चांगला होता, पण परदेशातल्या महोत्सवांतून फिरून आल्यापासून त्याला सगळंच भव्य हवं होतं. चित्रपटात कोशोकचं एक दृश्य होतं. कोणी मेलेलं नसताना कोशोक म्हणायला बायका धजत नाहीत, अपशकुन तो. नट्यांनी नकार दिला. शेवटी कोचकोरकडच्या एका गावातल्या बुरुल आपा आपणहून तयार झाल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या म्हातारीने नमद्याच्या तंबूत बसून चार मिनिटं असा कोशोक म्हटला होता की ऐकताना झूरा एजेच्या हातातला चहा निवला.

"एजे, ह्याला मोठा घुमारा घाला," बेकतुर म्हणाला.

"नको. तंबू आहे तो. नमद्याला घुमारा नसतो."

"प्रेक्षकाला कुठे कळतंय?"

"अरे बाळा, ती तंबूत रडतेय, हमामात नाही."

"सगळा डोंगर रडतोय असं वाटलं पाहिजे, एजे!"

"डोंगराचं कोण मेलंय?"

बेकतुर हसला, तिच्या खांद्याला हात लावला, आणि झूरा एजेने नेहमीप्रमाणे घालून दिला. चार सेकंद रेंगाळणारा, थंड, दगडी घुमारा. बेकतुरने डोळे पुसले. ती प्रत महोत्सवाला गेली, निवडही झाली. झूरा एजे घरी जाऊन गुडघ्यांना मलम लावून झोपली.

आठवड्याने शेवटची साफसफाई करताना त्या दृश्यात कुणाचा तरी खोकला सापडला. तो झाकायला त्याच तंबूतली थोडी शांतता हवी होती. अशी शांतता मिळते ती दृश्य संपल्यावर, दिग्दर्शक 'कट' म्हणाल्यानंतर यंत्र चालू राहतं त्या तुकड्यात. तो तुकडा सहसा कोणी ऐकत नाही. झूरा एजेने तो लावला. आधी कपड्यांची सळसळ, मग बुरुल आपांचा दमलेला आवाज.

"झालं का रे? हे जवळून ऐकू येईल ना?"

"येईल, आपा," माइकवाला म्हणाला.

"तसं नाही, नीट ऐक. माझा पोरगा रशियात कामाला होता, सुरगुतला, तिथून आला तेव्हा पेटी बंद होती. पत्र्याची, चारी बाजूंनी जोडलेली. तोंडसुद्धा दिसलं नाही. वर मुल्ला म्हणाला, आवाज काढायचा नाही, पाप आहे. मी बसले गप्प. आज सोडलाय आवाज. तो त्याच्या कानाशी बोलल्यासारखा ऐकू यायला हवाय मला. मोठा नको. जवळ."

"करतील, आपा. स्टुडिओत एक एजे आहेत, त्या करतात हे सगळं."

"मग तिला सांग हं. विसरशील नाहीतर."

"सांगतो."

पुढे शांतता होती, खोकला झाकायला पुरेल एवढी. माइकवाल्याने काही सांगितलं नव्हतं. दहा ठिकाणी कामं करणारा माणूस, विसरला असणार. झूरा एजेने तो तुकडा पुन्हा लावला, मग पुन्हा. नंतर आपलीच करामत लावून ऐकली. म्हातारीचा आवाज कुठल्या तरी दरीच्या पलीकडून येत होता. आईला लेकापासून जेवढं लांब नेता येईल तेवढं तिने नेऊन ठेवलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बेकतुरला तो तुकडा ऐकवला. त्याने खिशातून खेळांची यादी काढली.

"गावातच पहिला खेळ लावतोय मी," तो म्हणाला. "त्या येतीलच. पण एजे, महोत्सवाच्या लोकांनी ह्याच दृश्याचं नाव काढलंय."

"काढू देत. मी घुमारा काढतेय."

"आता नाही बदलता येणार."

"मग श्रेयनामावलीतून माझं नाव काढ."

बेकतुरने मान वर केली. "एजे, असं 'नको' तुम्ही कधी म्हटलं नव्हतं."

"रोजच म्हणते. तुला आज ऐकू आलं."

शेवटी तोडगा निघाला, आणि झूरा एजेच्या आयुष्यात आजवर सगळे तोडगे निघाले तसाच अर्धामुर्धा निघाला. परदेशात लांबचा आवाज जाईल, गावात जवळचा. तिला तो पटला नाही, पण आणखी भांडायची ताकद तिच्यात नव्हती. तीन दिवस बसून तिने तो कोशोक पार कोरडा केला. श्वास राहू दिले, दातांमधून निसटणारी हवा राहू दिली, एका जागी नाक ओढलेलं तेही. इतर वेळी ती हे सगळं पुसून टाकायची.

खेळाच्या दिवशी ती सकाळच्याच गाडीने गावात पोचली. सभागृह जुनं, काँक्रीटचं, छत उंच, भिंती उघड्या. तिने मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी छताला गेली, मागच्या भिंतीला लागली, परत आली, पुन्हा गेली. झूरा एजेने घातलेल्या घुमाऱ्याहून हा दुप्पट होता! तीन दिवसांची मेहनत इथे पहिल्या हुंदक्यालाच वाया जाणार होती. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे, परतीची गाडी पकडावी.

मग तिला कोबी आठवला.

"गावात शिर्दाक किती असतील?" तिने सभागृह सांभाळणाऱ्या तुर्सुनला विचारलं. शिर्दाक म्हणजे लोकरीच्या जाड नमद्याची सतरंजी. कोचकोरकडे हा प्रश्न विचारणं म्हणजे नदीकाठी पाणी आहे का विचारण्यासारखं.

"घरागणिक चार-पाच. का हो?"

"सगळे आणायला सांग. भिंतींना लावायचेत."

"भिंतींना? लग्न आहे का कुणाचं?"

"बुरुल आपांचं काम आहे, म्हणून सांग."

एवढं पुरलं. बायका कुरकुरत आल्या, पण पाठीवर गुंडाळ्या घेऊन आल्या. "माझा खाली नको, वर लाव, माहेरचा आहे," "अगं, खिळा नक्षीतून नको मारूस," "शहरातल्या लोकांना भिंतसुद्धा थंडीने मरेल असं वाटतं काय?" असा कालवा करत त्यांनी दोन वाजेपर्यंत चारी भिंती झाकल्या. उरलेले शिर्दाक छताखाली दोऱ्या बांधून त्यांवर टाकले. सगळीकडे मेंढीचा आणि डांबरगोळ्यांचा वास सुटला. झूरा एजेने पुन्हा टाळी वाजवली. टाळी तिच्या तळव्यातच संपली.

तीन वाजता सभागृह भरलं. बुरुल आपा मागच्या भिंतीलगतच्या खुर्चीवर बसल्या होत्या. तुर्सुनने कानात सांगितल्यावर त्यांनी झूरा एजेला जवळ बोलावलं.

"तूच का ती एजे?"

"हो. मला तुमचा निरोप उशिरा मिळाला, आपा."

"मिळाला ना?"

"मिळाला."

"मग झालं तर."

झूरा एजे सवयीने तिथेच, मागच्या भिंतीला लागून उभी राहिली. पाऊण तासाने ते दृश्य आलं. आवाज सुरू झाला आणि तो पडद्यातून आलाच नाही. प्रत्येकाच्या कानाशी कोणी म्हातारी येऊन बसली आणि हळू बोलायला लागली. 'माझ्या पोरा, तुझे हात गार होते का रे, मला बघू दिले नाहीत.' पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

बुरुल आपा उठल्या. त्यांनी आपली खुर्ची उचलून फिरवली, पडद्याकडे पाठ केली आणि नमद्याकडे तोंड करून बसल्या. त्यांच्या शेजारणीने खुर्ची फिरवली, मग तिच्या पलीकडचीने. म्हाताऱ्या बायकांची अख्खी रांग भिंतीकडे वळली. आता दोन आवाज येत होते, एक चित्रपटातला आणि एक खुर्चीवरचा, आणि कुठला कोणता ते झूरा एजेच्या सदतीस वर्षांच्या कानांनाही सांगता येईना.

ती तपासत राहिली. कुठे घुमतंय का, कुठे फुटतंय का. तेवढ्यात कोणीतरी तिची बाही ओढली. बुरुल आपांनी मान न वळवताच हात लांब केला होता.

"उभी काय राहिलीस पोरी? तुझं कोण राहिलंय रडायचं?"

झूरा एजेच्या तोंडून 'कोणी नाही' निघणार होतं.

"आई," ती म्हणाली.

"मग ये. तोंड भिंतीकडे कर."

झूरा एजेने खुर्ची ओढली, दुखरे गुडघे दुमडले आणि कपाळ नमद्याला टेकवलं.