गाळलेली ओव्हरलोड केस

“मॅडम, ती ओव्हरलोडची केस काढून टाका. बाकी रिपोर्ट एकदम मस्त आहे,” गुल्हाने साहेब म्हणाले.

गुल्हाने साहेब बुटीबोरीतल्या एका ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीचे प्रॉडक्शन हेड. मी नागपुरातल्या एका लहान डिझाइन ऑफिसात सिम्युलेशन करते. त्यांच्या ट्रेलरच्या चेसिसमध्ये आडवा बीम लांब बीमला जिथे वेल्ड केलेला असतो, तिथे भेगा पडत होत्या. एक ट्रेलर तर भर रस्त्यात मधोमध तुटून बसला होता. ड्रायव्हर वाचला, पण पायात रॉड टाकावा लागला. कंपनीला झटपट उपाय हवा होता.

लोखंड दर वेळी एकाच मोठ्या लोडने तुटतं असं नाही. तार वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसंच. याला आम्ही फटीग म्हणतो. वेल्ड संपून प्लेट जिथे सुरू होते ती कड यात सगळ्यात आधी जाते. वेल्ड थंड होताना आकसतो आणि ती कड कायमची ताणलेली राहते. त्यात रस्त्याचे धक्के.

यावर पीनिंग नावाचा उपाय आहे. गोल टोकाची पिन लावलेली, हवेवर चालणारी हातोडी घ्यायची आणि त्या कडेवर भराभर ठोकत जायचं. कडेला चकचकीत खाच पडते, वरचा थर दाबला जातो, आणि दाबलेल्या धातूत भेग सहजासहजी उघडत नाही. उपाय चांगला आहे. माझं भांडण पीनिंगशी नव्हतंच.

हे ठोकणं कॉम्प्युटरवर करून बघायचं, हे माझं काम. जोडाचे बारीक बारीक भाग पाडायचे, पिन आपटवायची, दाब किती खोलवर बसला ते मोजायचं आणि मग गाडीचा लोड लावायचा. नेमून दिलेल्या वजनात जोडाचं आयुष्य छान वाढत होतं. नंतर मी ठासून भरलेली गाडी खड्ड्यात आदळल्यासारखा एक मोठा धक्का दिला. कडेवरचा धातू पुन्हा सरकला आणि पीनिंगने बसवलेला दाब जवळजवळ निघून गेला. पुढे तो जोड पीनिंग न केलेल्या जोडासारखाच वागायला लागला.

गुल्हाने साहेबांना नको होती ती केस हीच.

“ओव्हरलोड कायद्यातच बसत नाही,” ते म्हणाले. “मग दाखवायचा कायले?”

“पण रस्त्यावर होऊन राहिला ना, साहेब?”

“तो आमचा प्रश्न नाही.”

माझं डोकंच फिरलं. मी नाही म्हटलं आणि उठले. परत येताना गाडीत माझे बॉस, देशकर सर, म्हणाले, “क्लायंट नाराज होऊन राहिला. तू काहून अडून बसली वं?”

“सर, हे लोक विकलेल्या गाड्यांवरही पीनिंग करून ‘आता काळजी नाही’ सांगणार. उद्या एखादी तुटली तर?”

“आपण रिपोर्ट द्यायचा. ते काय करतात ते त्यांचं.”

म्हणजे ओव्हरलोडची केस आमच्या रिपोर्टमध्ये राहिली, त्यात खोटं नाही, एवढ्यावर सरांचं समाधान होतं. माझं नव्हतं.

काही दिवसांनी कंपनीने ट्रान्सपोर्टवाल्यांना प्लांटमध्ये बोलावलं. आम्हालाही बोलावलं होतं. हॉलमध्ये पडद्यावर माझीच चित्रं होती: दाबलेली निळी कड, ताणलेली लाल कड, आयुष्याचा वर चढणारा आलेख. ओव्हरलोडची केस मात्र गायब. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सिम्युलेशनने सिद्ध’. आणि वर गुल्हाने साहेब हसत हसत म्हणाले, “आता थोडाबहुत जास्त माल टाकला तरी टेन्शन नाही.”

ज्या परिस्थितीत हा उपाय टिकत नाही, नेमकी तीच परिस्थिती ते लोकांच्या गळ्यात बांधत होते. तेही माझं काम दाखवून! माझे कान तापले.

मी उभी राहिले. देशकर सरांनी हळूच म्हटलं, “बस.” मी बसले नाही.

“हे सिम्युलेशन मी केलंय,” मी म्हटलं. “जास्त माल टाकला तर काय होतं तेही केलंय. ते इथे दाखवलेलं नाही. एका मोठ्या धक्क्यात याचा फायदा जवळजवळ संपतो.”

वाडीचे राऊत काका पहिल्या रांगेत होते. तुटलेला तो ट्रेलर त्यांचाच. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे माझी गाडी पुन्हा तुटू शकते?”

“हो, काका. ओव्हरलोड झाली तर तिथेच.”

“मॅडम थिअरीच्या गोष्टी करून राहिल्या,” गुल्हाने साहेब घाईघाईने म्हणाले. “कॉम्प्युटर काहीही दाखवते.”

“आत्ताच तर तुम्ही म्हणत होते, कॉम्प्युटरने सिद्ध झालं,” राऊत काका म्हणाले. “एक काम करा. जोड बनवा, ठोका, मग मशीनवर तोडून दाखवा. माझा ड्रायव्हर अजून कुबड्या घेऊन चालते. त्याच्या पायाहून तुमचा पडदा मोठा नाही.”

बाकीच्यांनीही तेच धरलं. कंपनीला टेस्ट करावी लागली. एका कॉलेजच्या लॅबमध्ये नमुने मशीनवर चढवले. नुसतं पीनिंग केलेला जोड उत्तम टिकला. पीनिंग करून मग एक मोठा धक्का दिलेला जोड जेमतेम साध्या जोडाइतकाच टिकला आणि त्याच कडेवर तुटला.

मग कंपनीने मुकाट्याने डिझाइन बदललं. वेल्ड जास्त ताणाच्या जागेवरून सरकवला, एक प्लेट वाढवली, आणि त्यावर पीनिंगही ठेवलं. विकलेल्या गाड्याही बोलावून दुरुस्त केल्या. हेच पहिल्या दिवशी करता आलं असतं.

माझी कोणी माफी मागितली नाही. उलट, “त्या मॅडमले पुन्हा पाठवू नका,” असा निरोप आला. देशकर सरांनी ते काम दुसऱ्याकडे दिलं आणि मला म्हणाले, “तुझं बरोबर होतं, पण पद्धत चुकली.” योग्य पद्धत कोणती, ते त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मी माझ्यापुरती एक ठरवली आहे. चांगल्या आणि वाईट केसच्या रेषा आता एकाच आलेखात, एकमेकींना छेदून जातील अशा काढते. एक कापायला गेलं की दुसरीही कापली जाते.